नवापूरच्या आमच्या मंडळीत वाद पेटलाय: ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला की फक्त देवाने तारणासाठी निवडलेल्यांसाठी?

हा वाद नवापुरात आज पेटला असला तरी 400 वर्षं जुना आहे. 1610 मध्ये हॉलंडमध्ये आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या अनुयायांनी मांडलं की ख्रिस्त सर्वांसाठी मेला, लाभ मात्र विश्वास ठेवणाऱ्यालाच. तिथल्याच चर्चच्या डॉर्ट इथे भरलेल्या धर्मसभेने (1618-19) ते नाकारलं. पण तिचा ठराव नीट वाचा, आपल्याकडे तो अर्धाच सांगतात! त्यात म्हटलंय की त्या मरणाचं मोल साऱ्या जगाच्या पापांना पुरून उरेल. देवाचा हेतू मात्र निवडलेल्यांना तारण्याचा. सर्वांसाठी म्हणणारी बाजू बायबलमधलं 1 योहान 2:2 दाखवते (ख्रिस्त साऱ्या जगाच्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे), दुसरी योहान 10:15 (मी मेंढरांसाठी आपला प्राण देतो). मला पहिलं वचन जास्त वजनदार वाटतं. आणि सगळ्यांचं तारण होतंच, असं यातलं कुणीच म्हणत नाही. पाळकांशी बोलताना आधी हे स्पष्ट करा, निम्मं भांडण तिथेच मिटेल.