पावसानंतर दिसलेली मुंगी राणीच आहे का?

आधी पंख विसरा, छाती बघा. नवख्यांची पहिली चूक हीच: पंख दिसले की राणी! पंख तर नरालाही असतात. पण त्याचं डोकं चिमुकलं, अंग सडपातळ. राणीची छाती फुगीर, पोट भरदार. पंख गळले असतील तर छातीच्या बाजूंना त्यांचे व्रण राहतात. मोबाइलवर झूम करून पाहा. मोठ्या डोक्याची कामकरी मुंगी हमखास फसवते, पण तिला हे व्रण नसतात.

आणि हो, दिव्याभोवतीची झुंबड बरेचदा वाळवीची असते (मीही सुरुवातीला तीच डबीत भरली होती!). वाळवीची कंबर जाड, चारही पंख सारखे, मिशा सरळ. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या.

जात ओळखायची घाई आत्ताच नको. वरून आणि बाजूने स्पष्ट फोटो तेवढे काढून ठेवा.