मंडळात गेले, पण परकीच राहिले

‘बदलीने कुडाळला येऊन सात महिने झाले. लातूरला दहा वर्षं भजनात गायले. इथल्या मंडळात तीनदा गेले, पण कुणी आपलं म्हणत नाही. सोडून द्यावं का?’ कोकणात बदलून आलेल्या बायका हे वरचेवर विचारतात. त्यातल्या एकीची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताईंना आधी त्या तीन गुरुवारांचा हिशेब मांडायला सांगितला. पोहोचायच्या पेटी सुरू झाल्यावर, बसायच्या दाराशी, आणि भैरवी संपली की प्रसाद घेऊन थेट घरी. आता भजन चालू असताना कोण बोलणार? ओळखी होतात त्या सतरंजी अंथरताना आणि नंतरच्या चहा-उसळपावावर. नेमक्या त्याच वेळेला ताई नसायच्या. अवघडायला नको म्हणून उशिरा जायचं, लवकर निघायचं. परकेपण टिकतं ते यानेच. ठरलं ते असं: वीस मिनिटं आधी जायचं आणि चहाचे कप गोळा होईपर्यंत थांबायचं. हात कामात असले की तोंड आपोआप उघडतं.

‘गाव खयचो? घोव खय कामाक?’ (गाव कुठलं? नवरा कुठे कामाला?) हे प्रश्नही त्यांना टोचायचे. मालवणी माणूस आधी गाव विचारतो, मग माणूस. एका वाक्यात उत्तर द्यावं आणि लगेच ‘तुमचं माहेर कुठलं?’ म्हणावं. पुढची दहा मिनिटं समोरचीच बोलते.

खरी सल मात्र गळ्याची होती. आधीच्या मंडळाची पट्टी, म्हणजे ‘सा’ धरायचा सूर, काळी तीन (पेटीची तिसरी काळी), इथली काळी पाच. पेटीवर चार पट्ट्या वर. तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, आवाज चिरकला, दोघी हसल्या आणि ताईंनी ‘मी यांना नको आहे’ असा अर्थ काढला. पट्टीचा दोष त्यांनी स्वतःच्या खाती घातला. चढी ओळ खालच्या सप्तकात म्हणावी किंवा सोडावी, ध्रुवपदाला परत मिसळावं. कोरसात ते कळतही नाही. टाळ मात्र पहिल्या महिन्यात मागू नयेत. भजनी ठेका आठ मात्रांचाच, पण गजराची लय चढली की नवख्याचे टाळ पखवाजाच्या पुढे पळतात, आणि मग सगळ्या माना वळतात. तोवर पखवाजावरच्या हाताकडे बघत नुसत्या टाळ्या धराव्यात.

शिवाय एक वही. निघण्यापूर्वी ‘आज काय वाईट होईल’ ते एका ओळीत लिहायचं, परत आल्यावर खरं काय झालं ते. आठ गुरुवार होईपर्यंत सोडायचा निर्णय घ्यायचा नाही. मधे एक चुकला तर तो धरायचा नाही.

हे सगळं संकोचासाठी. दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल, पूर्वी आवडणारं गाणंही नकोसं झालं असेल, तर मंडळाची वाट न बघता मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

ताईंच्या वहीत पाचव्या गुरुवारी डावीकडे होतं, ‘कोणी बोलणार नाही.’ उजवीकडे, ‘कांदे चिरायला बसवलं. दोन किलो.’