कंपाऊंड भुकटी होऊन उडतं, पॅनलला चिकटतं, वर धुरकटपणा राहतो: बाटली बदलण्याआधी पॅड बदलून बघा

तुमचा प्रश्न असा आहे: काळी गाडी, तिच्यावरचे बारीक ओरखडे कंपाऊंडने (घासून ओरखडे काढणाऱ्या पेस्टने) काढायचे आहेत, ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड गोल फिरवता फिरवता हलवणारं पॉलिशिंग यंत्र), पाच इंची फोम पॅड. बोनेटचा पहिला तुकडा छान झाला. तिसऱ्या-चौथ्या तुकड्यापासून पांढरी भुकटी उडायला लागली, कंपाऊंड चिकट होऊन बसलं, घासूनही नीट निघेना आणि निघालं तिथे खाली धुरकट दिसतंय. कंपाऊंड खराब आहे का?

पहिला तुकडा चांगला झाला, यातच बरंचसं उत्तर आहे. बाटली तीच होती, रंगही तोच. मधल्या वेळात बदललं ते पॅड.

कंपाऊंडमध्ये दोन गोष्टी असतात: घासणारे बारीक कण आणि त्यांना ओलं, निसरडं ठेवणारं द्रव. मशीन फिरतं तसं द्रवाचं काही प्रमाण उडून जातं, काही फोम पितो. त्याच वेळी क्लिअर कोटचा (रंगावरच्या पारदर्शक थराचा) घासून निघालेला चुरा त्यात मिसळत जातो. द्रव कमी पडलं की भुकटी होते. चुरा जास्त झाला की गोळे होतात, आणि हेच गोळे पॅनलला धरून बसतात. म्हणजे भुकटी आणि चिकटा या तुमच्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे, आणि धुरकटपणाचा काही भागही तिथूनच येतो.

म्हणून आधी एकच चाचणी करा. कोरडं, स्वच्छ पॅड लावा आणि त्याच कंपाऊंडने त्याच पॅनलवर 45 बाय 45 सेंटिमीटरचा एक तुकडा करा. त्रास गेला तर दोष पॅडचा. बहुतेक वेळा तो जातोच.

यापुढे प्रत्येक तुकड्यानंतर पॅड साफ करा. मशीन हळू चालू ठेवून पॅडवर नायलॉनचा पॅड ब्रश धरा, किंवा कोरड्या मायक्रोफायबर कापडावर पॅड दाबून पाच-सहा सेकंद फिरवा. कॉम्प्रेसरची हवा असेल तर सगळ्यात उत्तम, कारण ती फोमच्या आत अडकलेला चुराही बाहेर काढते. इतकं करूनही एका पॅडवर अख्खी गाडी होत नाही. एका पॅडवर एक, फार तर दोन पॅनल धरा आणि एका कंपाऊंडसाठी पाच-सहा पॅड हाताशी ठेवा. धुतलेलं पॅड ओलं असताना लावू नका. पाण्याने कंपाऊंड पातळ होतं, चहूकडे शिंतोडे उडतात आणि ओरखडे जात नाहीत.

आता प्रमाण. नव्या पॅडवर पहिल्यांदा बोटाने कंपाऊंड पसरवून सगळ्या पृष्ठभागावर पातळ थर बसवा, कडेपर्यंत. हे केलं नाही तर पॅडचा मधला भाग ओला आणि कडा कोरडी राहते, आणि कोरडी कडा काळ्या रंगावर लगेच दिसेल असे बारीक ओरखडे पाडते. त्यावर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घ्या. पुढच्या प्रत्येक तुकड्याला दोन-तीन थेंब पुरतात. भुकटी दिसली की अजून कंपाऊंड ओतायचं हा हमखास होणारा चुकीचा उपाय आहे. भरलेल्या पॅडमध्ये आणखी भर पडते, पॅड रंगावर नुसतं तरंगतं आणि चिकटा वाढतो.

सहा वेगांचं मशीन असेल तर आधी 1 वर कंपाऊंड पसरवा, मग 4 किंवा 5 वर काम करा. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतकाच सरकू द्या. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी यावी. एकदा आडवं, एकदा उभं, असे चार ते सहा पास. बॅकिंग प्लेटच्या (पॅड ज्यावर बसतं त्या चकतीच्या) कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. काम चालू असताना ती रेघ गोल फिरताना दिसली पाहिजे. ती थांबली तर पॅड नुसतं थरथरतंय, म्हणजे दाब जास्त आहे किंवा मशीन तिरकं धरलंय. तिथे ओरखडे घासले जात नाहीत, फक्त उष्णता वाढते.

थांबायचं कधी, ते कंपाऊंडच्या जातीवर ठरतं. काहींचे कण घासता घासता फुटून बारीक होतात. अशा कंपाऊंडला पूर्ण वेळ द्यावा लागतो, अर्धवट सोडलं तर जाड कणांचे व्रण तसेच राहतात. काहींचे कण पहिल्यापासून बारीक आणि एकसारखे असतात. त्यात ओलावा असेपर्यंतच काम करायचं, थर सुकायला लागला की थांबायचं. तुमचं कोणतं, ते बाटलीवर किंवा उत्पादकाच्या माहितीत बघा.

उन्हात किंवा तापलेल्या पॅनलवर काम करूच नका. काळा रंग सगळ्यात लवकर तापतो. हाताचा तळवा ठेवल्यावर नुसतं कोमट लागावं. हात पटकन काढावासा वाटला तर थांबा. प्लॅस्टिकच्या बंपरवर जास्त जपा, कारण धातूसारखी त्यातून उष्णता पसरून जात नाही. हवा फार कोरडी असेल तर पॅडवर पाण्याचा एकच बारीक फवारा मारला तरी भुकटी कमी होते. एकच, दोन-तीन नव्हे.

चिकटून बसलेलं कंपाऊंड कोरड्या कापडाने जोर लावून घासू नका. काळ्या गाडीवर हे सगळ्यात महागात पडतं, कारण निघालेल्या ओरखड्यांच्या जागी नवे पडतात. त्या जागेवर त्याच कंपाऊंडचा छोटा थेंब स्वच्छ पॅडने कमी वेगात, दाब न देता फिरवा. ताज्या द्रवात जुना थर विरघळतो. मग लगेच मऊ मायक्रोफायबरने उचला.

एकाच पॅनलवर असं होत असेल आणि बाकी गाडी ठीक असेल, तर त्या पॅनलचा रंग तपासा. ते अलीकडेच पुन्हा रंगवलं असेल तर आतलं सॉल्व्हंट (रंग पातळ करणारं द्रव) अजून बाहेर पडत असतं, रंग मऊ असतो आणि कंपाऊंड त्यावर लोळत गोळे होतं. कारखान्यातल्या रंगाची एकूण जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन असते, त्यात क्लिअर कोट 40-50 च्या आसपास. रंगाची जाडी मोजणाऱ्या मीटरवर याच्या बरंच वर आकडा आला तर पॅनल पुन्हा रंगवलेलं असण्याची शक्यता मोठी. पॅडवर गाडीचाच रंग उतरत असेल, तर एकतर वर क्लिअर कोट नाहीच, किंवा तो संपला आहे. दुसऱ्या शक्यतेत तिथेच थांबा. जुनं वॅक्स किंवा सिलिकॉन राहिलं तरीही कंपाऊंड फिसकटतं, म्हणून धुणं, लोहकण काढणं आणि क्ले (मऊ मातीसारख्या वडीने रंगाला चिकटलेली घाण काढणं) ही तयारी आधी पूर्ण झालेली असू द्या.

शेवटी तो धुरकटपणा. 10 ते 15 टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल पाण्यात मिसळून ती जागा पुसा आणि एका बिंदूतून येणाऱ्या तेजस्वी दिव्याखाली बघा. पुसून गेला तर ते नुसतं कंपाऊंडमधलं तेल होतं. एकसारखा पांढुरका पडदा राहिला तर कंपाऊंड किंवा पॅड त्या रंगाला जड पडतंय. मऊ फिनिशिंग फोम, बारीक पॉलिश आणि मशीनच्या वजनाइतकाच दाब घेऊन एक फेरी करा. शेपटीसारखे वळलेले सुटे ओरखडे दिसले तर पॅडमध्ये एखादा कडक कण अडकलाय, ते पॅड लगेच बाजूला ठेवा.

हा कडक कण कधी कधी बाटलीतूनच येतो. झाकण उघडं राहिलं की तोंडाशी कंपाऊंड वाळतं आणि त्याचे तुकडे थेंबाबरोबर पॅडवर पडतात. तोंड पुसून घ्या. कण तळाशी बसतात, म्हणून बाटली प्रत्येक वेळी चांगली हलवा, नाहीतर सुरुवातीला नुसतं तेल येतं आणि शेवटी नुसती पूड. हलवूनही गुठळ्या मोडत नसतील किंवा द्रव वेगळंच राहत असेल, तर मात्र ती बाटली टाकून द्या.