वाचक विचारतात: झाडावर चढायला दोरी कुठली, गाठ कुठली?

प्रश्न: आमच्या रत्नागिरीकडच्या बागेत आंब्याची जुनी उंच झाडं आहेत, बांडगुळं माजलीत आणि गडी मिळत नाही. हार्डवेअरच्या दुकानातली पिवळी नायलॉनची दोरी फांदीवरून टाकून कमरेला बांधली तर चालेल का? गाठ कुठली मारू? मित्राकडे क्लाइंबिंगचा रोप पण आहे.

उत्तर: दादा, कमरेला बिलकुल नको. घसरलात तर सगळा भार पोटावर आणि बरगड्यांवर, लटकल्यावर श्वास घेणंही मुश्कील, त्यामुळे मांड्यांना पट्टे असलेला हार्नेस आणि हेल्मेट आधी, बाकी नंतर. ती पिवळी दोरी बहुतेक वेळा नायलॉन नसतेच, पॉलिप्रॉपिलिन असते, साधारण 160 डिग्रीला वितळते, उन्हात पडून कडक होते, माणूस लटकवायला नाहीच. मित्राचा रोप डायनॅमिक असेल तर तो पडताना झटका कमी बसावा म्हणून मुद्दाम ताणणारा केलेला असतो, त्यावर लटकून काम करायला गेलात तर वरखाली झुलतच बसाल. 11 ते 13 मिलिमीटरचा, कमी ताणला जाणारा रोप घ्या, महाग आहे, पण इथे काटकसर नको.

आता गाठ. सगळे विचारतात बांधायची गाठ कुठली, पण खरा खेळ पकड धरणाऱ्या गाठीचा. रोप जिवंत, जाड फांदीवरून खोडाजवळून घ्यायचा, एक टोक आठाच्या गाठीने हार्नेसला, पण त्या टोकाला चांगली लांब शेपटी सोडायची आणि त्या शेपटीने रोपच्या दुसऱ्या पदरावर ब्लेक्स हिच ही पकडगाठ मारायची: खालून वर चार वेढे, मग टोक खाली आणून हार्नेसकडे जाणाऱ्या भागाच्या पुढून, रोपच्या मागून आणि खालच्या दोन वेढ्यांच्या आतून बाहेर. टोकाला आठाची आडगाठ हवीच, नाहीतर ते निसटून येतं. वजन टाकलं की ब्लेक्स हिच धरते, हाताने दाबली की सरकते. 1931 सालची प्रुसिक ही पकडगाठ पण छान, फक्त तिला वेगळी बारीक कॉर्ड लागते, 11 च्या रोपवर साधारण 8 मिलिमीटरची. उतरताना सावकाश या, भर्रकन आलात की घर्षणाने गाठीतली दोरी वितळून चकचकीत, कडक होते आणि तसा रोप मग पुन्हा वापरायचा नाही. रोपच्या लोंबत्या टोकालाही गाठ मारा, म्हणजे रोप संपला तरी खाली निसटणार नाही.

सराव जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, एखाद्या जाणत्यासमोर, गाठ डोळे मिटून जमेपर्यंत. वर कोयता नको, हातकरवत न्या, कारण ताणलेल्या रोपला पातं नुसतं टेकलं तरी तो फटकन जातो. म्हणूनच कापताना खोडाभोवती दुसरा पट्टा घालून हार्नेसला अडकवायचाच. खाली एक माणूस हवा. आणि पानांत लाल मुंग्यांची घरटी आहेत का ते खालूनच बघून घ्या, वर हात गुंतलेले असताना त्या चावल्या तर काय होतं ते कोकणातल्या माणसाला मी काय सांगू!

प्रश्न: हेच नारळाला चालेल का?

उत्तर: नाही हो, रोप टाकायला फांदीच कुठे आहे? तिथे चढण्याचं यंत्र वापरा, आणि खोडाभोवती सेफ्टी बेल्ट तरीही हवाच.