कुठे ‘हॅव’ आणि कुठे ‘हॅविंग’

‘हॅव’ या इंग्रजी क्रियापदाबद्दल सांगली जिल्ह्यातील वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमचा सांगलीत हळदीचा व्यापार आहे. परदेशी ग्राहकाला मी ‘वुई आर हॅविंग राजापुरी टर्मरिक इन स्टॉक’ असे कळवणार होतो. मुलीने ‘आर हॅविंग’ खोडून ‘हॅव’ केले. फरक काय?

उत्तर : मुलीची दुरुस्ती योग्य आहे. वस्तू मालकीची असणे, नाते असणे, आजार असणे किंवा एखादा गुण अंगी असणे ही स्थिती आहे, चालू असलेली कृती नव्हे. आणि स्थिती सांगताना ‘हॅव’चे ‘हॅविंग’ होत नाही. म्हणून ‘वुई हॅव राजापुरी टर्मरिक’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘शी हॅज डायबेटिस’ हीच रूपे लिहावीत. मात्र खाणेपिणे, अनुभवणे किंवा काही घडवून आणणे अशा अर्थाने ‘हॅव’ आले की ती कृती ठरते आणि तेथे ‘हॅविंग’ निर्धास्तपणे वापरता येते : ‘दे आर हॅविंग लंच’, ‘वुई आर हॅविंग अ मीटिंग ॲट फोर’, ‘वुई आर हॅविंग ट्रबल विथ द शिपमेंट’. आपले मूळ वाक्य एखाद्या काटेकोर वाचकाने शब्दशः घेतले, तर गोदामात सगळे मिळून हळद खात बसले आहेत असा त्याचा समज व्हायचा.

या चुकीचे मूळ, माझ्या मते, मराठीच्या घडणीत आहे. ‘हॅव’ला आपल्याकडे थेट जोड नाही. आपण सारा भार ‘असणे’वर टाकतो आणि ज्याचे आहे त्याच्या शब्दाला निरनिराळे प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यये जोडतो : मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे हळद आहे, त्याच्या अंगात ताप आहे, घराला तीन खोल्या आहेत. इंग्रजीत ही चारही वाक्ये ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ने होतात. पण मनातले ‘आहे’ आधी ‘ॲम’ किंवा ‘आर’ होऊन कागदावर उतरते आणि मग त्याच्यापुढे ‘हॅविंग’ लिहिण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

प्रश्न : मिरजेत आमचे तंतुवाद्यांचे काम आहे. जर्मनीतील एका ग्राहकाने त्याच्या सतारीबद्दल ‘आय हॅड द जवारी डन इन बर्लिन’ असे लिहिले. जवारी काढणे म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी नाद खुलावा म्हणून कानसीने घासून नीट करणे. त्याने जवारी स्वतः काढली, असे समजावे का?

उत्तर : नाही, त्याने ती दुसऱ्या कुणाकडून काढून घेतली. येथे सगळा अर्थ शब्दांच्या क्रमात आहे. ‘आय हॅड डन द जवारी’ म्हणजे भूतकाळातील एखाद्या घटनेच्या आधीच त्याने स्वतः ती काढली होती. ‘आय हॅड द जवारी डन’ म्हणजे करवून घेतली. घोडीला कानस कोणाच्या हाताची लागली आहे, हे दुरुस्तीपूर्वी आपल्याला कळायला हवे असणार. तेव्हा बर्लिनमधील कारागिराविषयी त्याला अवश्य विचारावे.

मराठीत ‘मी केस कापले’ म्हटले तरी ते न्हाव्याने कापले, हे ऐकणाऱ्याला उमगते. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटले, तर कात्री आपणच चालवली असा अर्थ निघू शकतो. म्हणून ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणावे. बोलताना ‘हॅड’च्या जागी ‘गॉट’ही चालते. याच रचनेत नको असलेली घटनाही बसते : ‘शी हॅड हर पर्स स्टोलन ॲट द बस स्टँड’. तिने पर्स मुद्दाम चोरवली असे येथे कुणी समजत नाही. करवून घेतले की भोगावे लागले, हे संदर्भावरून ठरते.

प्रश्न : नोकरीच्या अर्जात ‘आय हॅव पास्ड बी.कॉम. इन 2019’ असे लिहिले, तर चालेल का? (तासगाव)

उत्तर : चालणार नाही. ‘मी 2019 साली बी.कॉम. उत्तीर्ण झालो आहे’ हे मराठीत निर्दोष आहे. इंग्रजीत मात्र सरलेल्या काळाचा नेमका उल्लेख आला की ‘हॅव’ गळते. ‘आय पास्ड बी.कॉम. इन 2019’ असे लिहावे, किंवा वर्ष गाळून ‘आय हॅव पास्ड बी.कॉम.’ असे. याउलट ‘पासून’ अशा अर्थाचे ‘सिन्स’ आले आणि काम अजून चालू असले, तर ‘हॅव’ हवेच. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स 2019’ ही चूक अर्जांत सर्रास दिसते; तेथे ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2019’ हवे.

प्रश्न : ‘हॅड हॅड’ असे लागोपाठ येणे ही छपाईची चूक असते का? (विटा)

उत्तर : नेहमीच नाही. ‘शी हॅड हॅड फीवर बिफोर शी केम टू विटा’ या वाक्यात पहिले ‘हॅड’ साहाय्यक क्रियापद आहे आणि दुसरे मुख्य. बोलताना पहिले आक्रसून ‘शीड हॅड फीवर’ एवढेच ऐकू येते, आणि लिहितानाही तसे संक्षिप्त रूप वापरता येते.