‘बाकी’ हा एक शब्द आणि माळ्यावरची वही

शहादा तालुक्यातल्या एका नालबंद भाऊंचं पत्र संक्रांतीच्या आठवड्यात आलं. दोंडाईच्याकडे एका घोडेमालकाची सात जनावरं आहेत. भाऊ त्यांना आप्पा म्हणतात. मे २०२२ ते मे २०२५ अशी तीन वर्षं भाऊंनी त्या जनावरांची नालबंदी केली. चारही पायांचे मिळून घोड्यामागे ₹८०० ठरले होते आणि पैसे दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत मिळायचे. ‘यात्रामा देसू’ हा आप्पांचा दरवेळचा शब्द. तीन वर्षांत हाती आलं ते २०२३ च्या यात्रेतले ₹१०,००० आणि एकदा दोन क्विंटल दादर ज्वारी. हे दोन्ही वजा जाता ₹१,१८,४०० येणं निघतं. आता आप्पा म्हणतात, तुझ्या खिळ्यानं घोडी लंगडली, मी काही देणं लागत नाही. भाऊ विचारतात, पोलिसांत जाऊ, येत्या यात्रेत घोडा अडवू, की वकिलाची नोटीस देऊ?

याच चालीची पत्रं मला ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्यांची येतात, विहिरीची मोटर भरून देणाऱ्यांची येतात, लग्नाच्या बँडवाल्यांचीही येतात. काम केलं, उधार ठेवलं, माणूस ओळखीचा होता, आणि आता काय करू? काम केल्याचे पैसे मागता येतात, हे सांगायला वकील लागत नाही. म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

भाऊ, तुमच्या तिन्ही प्रश्नांपेक्षा मोलाची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिली आहे. २६ डिसेंबर २०२३ ला, दत्तजयंतीच्या दिवशी, आप्पांनी तुमच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘नालबंदी हिशोबी १०००० दिले, बाकी पुढे’, आणि खाली तारीख घालून सही केली. पण त्याच्या पुढचं वाक्य वाचून मला धडकी भरली. गेल्या पावसाळ्यात वही भिजली, म्हणून सगळा हिशोब नव्या वहीत चांगल्या अक्षरात उतरवून घेतला, ‘जुनी माळ्यावर असेल’. असेल म्हणजे काय? हे उत्तर पुढे वाचण्याआधी माळ्यावर चढा आणि ती वही खाली काढा.

ती वही एवढी का लागते, ते सांगतो. घोड्याचं खूर महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतं, म्हणून पाच-सात आठवड्यांनी जुने नाल काढावे लागतात, खूर कानसून नवे ठोकावे लागतात. तुमच्या मनात ते तीन वर्षांचं एकच काम आहे. कायद्याला तसं दिसत नाही. मुदतीचा कायदा १९६३ चा. त्याच्या अनुच्छेद १८ प्रमाणे, पैसे देण्याची वेळ ठरलेली नसेल, तर सांगून करून घेतलेल्या कामाच्या पैशांसाठी काम झाल्या दिवसापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. प्रत्येक फेरीची मुदत वेगळी मोजली जाते. सात घोड्यांची एक फेरी म्हणजे ₹५,६००. नुसतं या अनुच्छेदावर उभं राहायचं, तर जानेवारी २०२३ च्या आधीच्या साऱ्या फेऱ्या आजच बाद आहेत आणि दर पाच-सात आठवड्यांनी पुढची एकेक फेरी गळत जाईल.

‘यात्रेत देईन’ असं ठरलं होतं आणि ते सिद्ध करता आलं, तर वेळ ठरलेली होती असं म्हणता येईल. मग त्या त्या वर्षीच्या यात्रेत पैसे आले नाहीत, तिथून तीन वर्षं मोजायची. तरी २०२२ चं काम हातातून जातंच. त्या वर्षी दत्तजयंती ७ डिसेंबरला होती, तीन वर्षं गेल्या डिसेंबरात भरली. या मोजणीनं, मे ते यात्रा या पाच फेऱ्यांचे ₹२८,००० तुम्ही पत्र लिहिलंत त्याच्या महिनाभर आधी बुडाले. हेच पत्र दिवाळीत का नाही लिहिलंत? सलग तीन यात्रा तुम्ही त्या माणसाच्या तंबूत चहा पिऊन परत आलात.

आता ती ओळ. मुदतीच्या कायद्याचं कलम १९ सांगतं, मुदत संपायच्या आत देणेकऱ्यानं कर्जापोटी काही रक्कम दिली, तर दिल्या दिवसापासून मुदत नव्यानं सुरू होते. अट एकच. रक्कम दिल्याची नोंद देणाऱ्याच्या स्वतःच्या अक्षरात किंवा त्याच्या सहीची हवी. तुम्ही तुमच्या हातानं ‘आप्पांकडून १०००० जमा’ असं शंभर वेळा लिहिलं असतं, तरी या कलमाखाली त्याचा उपयोग नव्हता. आप्पांनी स्वतः लिहून सही केली. शिवाय त्यांनी ‘बाकी’ लिहिलं. दहा हजारांपुरती ओळ असती, तर त्यांच्या वकिलानं म्हटलं असतं की ते जुन्या दोन फेऱ्यांचे पैसे होते, पुढच्याशी संबंध नाही. ‘बाकी पुढे’ म्हणजे आणखी देणं आहे, ही सहीनिशी कबुली. ती त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये बसते, वरचा अनुच्छेद १८ निराळा. तिथे रक्कम लिहिलेली नसली तरी चालतं, देण्याची वेळ अजून यायची आहे असं म्हटलेलं असलं तरी चालतं. तेव्हा २०२२ ची एकही फेरी मुदतबाह्य झालेली नव्हती. म्हणून मे २०२२ पासून त्या दिवसापर्यंतचं सगळं येणं पुन्हा जिवंत होतं आणि मुदत २६ डिसेंबर २०२६ पर्यंत जाते. नंतरच्या फेऱ्यांची मुदत त्याहून पुढे आहे.

पण त्याच कलमात एक वाक्य आहे, ते तुमच्या नव्या वहीवर पाणी फिरवतं. कबुलीवर तारीख नसेल तर ती केव्हा झाली हे तोंडी सांगता येतं, मात्र कबुलीत काय लिहिलं होतं हे तोंडी सांगून चालत नाही. कागद हवा. नव्या वहीत तुम्ही ती ओळ उतरवली असेल, अगदी खालची सहीसुद्धा ‘सही’ असं लिहून नोंदवली असेल, तरी ते अक्षर तुमचं आहे. नव्या वहीचा उपयोग हिशोबाचा तक्ता म्हणून होईल, तोही जुन्या वहीशी ताळा जुळला तर. रोजच्या व्यवहारात नियमित ठेवलेली वही पुराव्यात घेतात. पण तेवढ्यावर कोणावर देणं बसत नाही, हे भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम २८ मध्ये स्पष्ट आहे. किती फेऱ्या झाल्या हे सांगायला तबेल्यातला मोतद्दार किंवा तुमच्याबरोबर पाय धरायला येणारा पुतण्या उभा राहावा लागेल. ‘परवा ये, नाल बदलायचे आहेत’ असे आप्पांचे मोबाइलवरचे निरोप असतील तर ते पुसू नका. त्यांच्यासोबत त्याच अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक नोंदीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते तुमचा वकील करून घेईल.

जुनी वही मिळाली की ती सावलीत वाळवा. इस्त्री फिरवू नका, लॅमिनेशन करू नका, पुसट अक्षर पेनानं गिरवू तर अजिबात नका. गिरवलेल्या एका काना-मात्रेवर समोरचा वकील तुमची अख्खी वही खोटी ठरवायला बघेल. सगळ्या पानांचे फोटो काढा आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून द्या.

दादरीबद्दल तुम्हाला कुणीतरी सांगितलंय की धान्य घेतलं म्हणजे दोन्हीकडचं चालू खातं झालं आणि मुदत वर्षाअखेरीपासून मोजायची. मुदतीच्या कायद्याचा अनुच्छेद १ तसं म्हणतो खरा, पण त्यासाठी दोघांचं एकमेकांकडे स्वतंत्र येणं उभं राहावं लागतं. एका बाजूनं काम आणि दुसऱ्या बाजूनं त्याचीच फेड, एवढ्यानं ते खातं परस्पर होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्येच सांगून ठेवलं आहे. आप्पांनी दादर तुम्हाला विकली असती आणि तिचे पैसे तुमच्याकडे मागितले असते, तर गोष्ट निराळी होती. त्या दोन क्विंटलवर भिस्त ठेवू नका. हिशोबातून ती प्रामाणिकपणे वजा केलीत, ते योग्य केलंत.

घोडा अडवायचं डोक्यातून काढा. करार कायद्याचं कलम १७० कारागिराला मेहनताना मिळेपर्यंत वस्तू अडकवून ठेवण्याचा हक्क देतं, पण ती वस्तू कामासाठी त्याच्या ताब्यात दिलेली असली तर. तुम्ही आप्पांच्या तबेल्यात जाऊन नाल ठोकले, लगाम त्यांच्या माणसाच्या हातात होता. शिवाय उधारीची बोली होती, आणि उधारी कबूल केली की अडकवून ठेवण्याचा हक्क उरत नाही. यात्रेत लगाम धरलात तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. आणि रागाच्या भरात नाल उपसून आणू, असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून मला वाईट वाटलं. ठोकलेला नाल आता घोड्याचा आहे. उपसताना खुराची भिंत फुटली, तर त्या मुक्या जनावराचा यात काय दोष? तुमच्या हातात ती कला आहे, तिचा असा वापर करू नका.

पोलिसांत जाऊन हाती काही लागेल असं मला वाटत नाही. फसवणूक म्हणायला पहिल्या दिवसापासून बुडवायचा इरादा दाखवावा लागतो, आणि दहा हजार दिलेला माणूस तसा दिसत नाही.

लंगडणाऱ्या घोडीचं मात्र हलक्यानं घेऊ नका. खिळा खुराच्या कठीण भिंतीतून बाहेर न येता आतल्या जिवंत भागात गेला तर घोडा लंगडतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. नुकसान झालं म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायचं असतं. पशुवैद्यकाचा त्या तारखेचा कागद आहे का आणि त्यानंतरही आप्पांनी त्याच घोडीला तुमच्याच हातून नाल मारून घेतले का, हे दोन प्रश्न विचारा. घेतले असतील तर त्यांचं म्हणणं लंगडं पडेल असा माझा अंदाज आहे. तुमच्या हातून चूक झाली असेल तर ती वकिलाला आधीच सांगा. कोर्टात कळण्यापेक्षा ते बरं.

नोटीस जरूर द्या, पण नोटीस दिल्यानं मुदत एक दिवसही वाढत नाही. हा गैरसमज मी इतक्या पत्रांत वाचतो की पुन्हा लिहितो, नोटीस पाठवून गप्प बसलेल्या माणसाची मुदत संपते. नोटिशीचा उपयोग व्याजासाठी. लेखी करार नसताना, अमुक तारखेपासून व्याज मागू असं लेखी कळवलं, तर १९७८ च्या व्याज कायद्याखाली न्यायालय त्या तारखेपासून व्याज देऊ शकतं. नोटिशीत पंधरा दिवस द्या. त्या मुदतीत पैसे आले नाहीत, तर तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व अर्ज करा, प्रकरण लोकअदालतीत बसेल. तिथे तडजोड झाली तर तो निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. हातावर पोट असलेल्या कारागिराला मी आधी हीच वाट सांगतो, कारण दिवाणी दाव्याच्या तारखांना वर्षानुवर्षं हेलपाटे मारायचे आणि प्रत्येक तारखेला दिवसाची मजुरी सोडायची, हे मी फार जणांचं पाहिलं आहे. अनुसूचित जाती-जमातीतले असाल किंवा उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर वकीलही तिथे फुकट मिळतो.

पण आप्पा तिथे ‘बघू, पुढच्या तारखेला’ म्हणू लागले तर दोन तारखांच्या पुढे थांबू नका. दावा ३० जूनच्या आत दाखल झालेला असावा. डिसेंबरवर टाकू नका. शेवटचा आठवडा नाताळच्या सुट्टीत जातो आणि यंदाही तुम्ही यात्रेतच असाल.

माळ्यावर वही सापडली नाही, तर भिजली त्या वेळी घरात कुणी त्या पानाचा फोटो काढला होता का ते मुलांच्या मोबाइलमध्ये शोधा. मूळ कागद खरोखर नष्ट झाला असेल तर दुय्यम पुराव्याला वाव असतो. पण तो कसा नष्ट झाला हे शपथेवर सांगावं लागेल आणि ते पटेलच अशी खात्री मी देणार नाही. तसं झालं तर एक रस्ता उरतो. आप्पांशी बोलणं सुरू असेल तोवर आजवरचा हिशोब त्यांना वाचून दाखवा आणि खाली ‘हिशोब पाहिला, एवढी रक्कम देईन’ असं त्यांच्याकडून लिहून, तारीख घालून सही घ्या. करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे, मुदत टळलेलं देणंसुद्धा लेखी आणि सहीच्या वचनानं पुन्हा वसूल करता येतं. त्यासाठी नोटीस धाडायच्या आधी जा, नोटीस गेल्यावर ते सही करणार नाहीत. सोबत त्यांच्या ओळखीचा एखादा जाणता माणूस न्या, आणि या वेळी त्या कागदाचा फोटो तिथेच काढून घ्या.