हॉल मोठा, तरी सोफ्याला जागा नाही

प्रश्न : नव्या घराच्या नकाशात हॉल ३.६ बाय ४.८ मीटरचा आहे, तरी सोफा कुठेच नीट बसत नाही. हॉल वाढवावा का?

उत्तर : वाढवू नका, आधी दारं बघा. मुख्य दार एका कोपऱ्यात आणि बेडरूमचं समोरच्या तिरक्या कोपऱ्यात असेल, तर येण्याजाण्याची वाट हॉल मधोमध कापते. नकाशावर पेन्सिलीने दारापासून दारापर्यंत ९० सेंटिमीटर रुंद पट्टा काढा. उरतात ते दोन त्रिकोण, आणि त्रिकोणात सोफा कसा बसणार? दोन्ही दारं एकाच लांब भिंतीकडे सरकवा. वाट भिंतीलगत जाते, बाजूला २.७ मीटर रुंदीचा सलग चौकोन मोकळा राहतो. बेडरूमचं दार मात्र थेट बैठकीत उघडू नये, मध्ये १.२ मीटरची छोटी लॉबी पुरते.